ट्राजनच्या स्तंभावरची शिल्पं कशी वाचायची

रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावर सम्राट ट्राजन साठाच्या आसपास वेळा दिसतो, पण एकदाही तो शत्रूवर वार करत नाही. तो भाषण करतो, अर्घ्य देतो, नदीकाठच्या बांधकामावर नजर ठेवतो, शरण आलेल्यांचं ऐकून घेतो, घोड्यावरून कूच करतो. लष्करी विजय साजरा करणारं एवढं मोठं स्मारक आणि त्याचा नायक प्रत्यक्ष मारामारीत कुठेच नाही. स्तंभ समजून घ्यायचा तर सुरुवात इथून करावी. इथे कोरलेली साम्राज्याची ताकद तलवारीपेक्षा शिस्तीची, कष्टांची आणि पुरवठ्याची आहे, आणि मूर्तिकारांनी ती ठरवून तशी मांडली आहे.

आधी थोडी माहिती. रोमचा डाशियाशी, म्हणजे आजच्या रुमानियातल्या राज्याशी, दोनदा संघर्ष झाला: इ.स. 101-102 आणि 105-106. डाशियाचा राजा डेसिबॅलस. दुसऱ्या युद्धानंतर डाशिया रोमचा प्रांत झाला आणि तिथल्या लुटीतून रोममध्ये ट्राजनचा फोरम, म्हणजे सार्वजनिक चौक आणि इमारतींचं संकुल, उभा राहिला. स्तंभ त्याच संकुलात आहे आणि त्याचं लोकार्पण 12 मे 113 रोजी झालं. चौथऱ्यासकट उंची सुमारे 38 मीटर, त्यातला मधला दंड जवळपास 30 मीटर, म्हणजे 100 रोमन फूट. त्याभोवती खालून वर 23 वेढे घालत गेलेली शिल्पपट्टी सरळ उलगडली तर दोनशे मीटरच्या आसपास भरेल. तिच्यात अडीच हजारांहून जास्त माणसं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मन अभ्यासक कोनराड सिकोरियस यांनी पट्टीचे 155 प्रसंग पाडले, आणि आजही सगळे अभ्यासक तेच क्रमांक वापरतात. पुढे मी दिलेले क्रमांक त्यांचेच आहेत.

बहुतेकांची नजर थेट वर जाते आणि चौथरा राहून जातो. हे मोठं नुकसान आहे, कारण प्रतीकांच्या दृष्टीने सगळ्यात भरगच्च जागा तीच. चौथऱ्याच्या चारही बाजूंवर जिंकलेल्या शस्त्रांचे ढीग कोरलेत: लंबगोल नक्षीदार ढाली, शंकूसारखी शिरस्त्राणं, खवल्यांची चिलखतं, भाते, कर्णे, आणि डाशियनांचे प्रसिद्ध ध्वज, ज्यांचं तोंड लांडग्यासारखं आणि अंग कापडी, वाऱ्याने फुगणाऱ्या सापासारखं. हे सगळं एकावर एक टाकल्यासारखं दिसतं, माणूस मात्र एकही नाही. रोमन विजयोत्सवात शत्रूची शस्त्रं मिरवणुकीतून नेत, हे त्याचंच दगडी रूप. या ढिगांवर चार कोपऱ्यांना चार गरुड आहेत आणि त्यांनी ओकच्या पानांच्या माळा धरल्या आहेत. गरुड हा रोमनांचा मुख्य देव ज्युपिटर याचा पक्षी, आणि लीजनचं, म्हणजे रोमन सैन्याच्या मुख्य तुकडीचं, निशाणही गरुडच. त्याच्या वर, दंड जिथून सुरू होतो तिथली जाड गोल पट्टी लॉरेलच्या पानांचा हार आहे. विजयी सेनापतीच्या डोक्यावरचा हार इथे अख्ख्या स्तंभाच्या पायाशी गुंडाळला आहे. खाली शत्रूची निकामी शस्त्रं, त्यावर देवाचा पक्षी, त्यावर विजयाचा हार आणि मग युद्धाची कथा, हा क्रम एकदा लक्षात आला की वरची पट्टी वाचायची दिशा मिळते.

चौथऱ्याच्या दारावर दोन पंखवाल्या विजयदेवतांनी एक पाटी धरली आहे. तिच्यावरचा मजकूर आश्चर्यकारकरीत्या साधा आहे. सेनेट आणि रोमन जनतेने हा स्तंभ सम्राटाला अर्पण केला, आणि एवढ्या मोठ्या बांधकामांसाठी किती उंचीची टेकडी खोदून काढली ते दाखवण्यासाठी तो उभारला, असं ती पाटी सांगते. ट्राजनच्या पदव्यांमधला ‘डाकिकस’, म्हणजे डाशियाचा विजेता, सोडला तर युद्धाचा उल्लेखच नाही. पाटीवरची अक्षरं वरच्या ओळींत किंचित मोठी आणि खालच्या ओळींत लहान आहेत, म्हणजे खालून बघणाऱ्याला ती सारखी वाटावीत. रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांचा आदर्श नमुना म्हणून अक्षरकार आजही या पाटीकडे बघतात. याच चौथऱ्यातल्या खोलीत ट्राजनच्या अस्थी सोन्याच्या कलशात ठेवल्या होत्या. म्हणजे हे स्मारक शेवटी समाधीही झालं, आणि शस्त्रांचे ढीग, हार, गरुड यांना तोही अर्थ येऊन मिळाला.

आता बांधणीकडे, कारण शिल्पांचं रूप तिच्यामुळे ठरलं आहे. दंड कारारा भागातल्या पांढऱ्या संगमरवराच्या 17 गोल शिळांचा आहे. एकेक शिळा सुमारे 3.7 मीटर व्यासाची, दीड मीटर जाडीची आणि तीस टनांच्या आसपास वजनाची. स्तंभशीर्षाची शिळा पन्नास टनांच्या वर, आणि ती तीसेक मीटरपेक्षा जास्त उंचीवर चढवली गेली. आत 185 पायऱ्यांचा गोल जिना आहे. एका पूर्ण फेऱ्याला 14 पायऱ्या, म्हणजे एका शिळेत अर्धा फेरा आणि सात पायऱ्या. हे गणित महत्त्वाचं आहे. शिळा वर चढवायच्या आधी जमिनीवरच पायऱ्या पोकळून काढल्या की वजन घटतं, पण मग एकावर एक बसताना पायरीला पायरी नेमकी जुळली पाहिजे. अर्ध्या फेऱ्याचं माप सगळीकडे सारखं ठेवल्यामुळे ते जमलं. उजेडासाठी चाळिसेक अरुंद झरोके ठेवले आहेत.

बाहेरची शिल्पं मात्र शिळा रचून झाल्यावर, जागेवरच, परांचीवर उभं राहून कोरली असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि मलाही तेच पटतं. दोन शिळांमधला सांधा आकृतींच्या अंगावरून, कधी चेहऱ्यांच्या अगदी जवळून जातो, तरी कोरीव रेषा तुटत नाही. जमिनीवर कोरून नंतर रचलं असतं तर कडा फुटल्या असत्या आणि रेषा सरकल्या असत्या. जिथे गडबड झाली आहे ती झरोक्यांपाशी. झरोका कधी ढालीतून, कधी तटबंदीतून, कधी सरळ माणसाच्या आकृतीतून आरपार गेलेला दिसतो. जिन्याचं काम करणारे आणि पट्टी आखणारे यांचा ताळमेळ नव्हता, हे तिथे उघड होतं. शिवाय पट्टीची उंचीही एकसारखी नाही. कुठे ती मीटरपेक्षा कमी, कुठे दीड मीटरच्या जवळ. दोन वेढ्यांमधली सीमा सरळ कोरलेली नसून खडकाळ जमिनीसारखी वरखाली होते. हाताने जागेवर आखणी करत गेल्याची ही खूण आहे.

उठाव अगदी उथळ आहे, काही सेंटीमीटरचा. जास्त खोल कोरलं असतं तर दूरून स्तंभाची कडा खडबडीत दिसली असती आणि एक सलग खांब म्हणून त्याचा जोर गेला असता. पण उथळपणाची किंमतही मोजावी लागते: वरचे वेढे खालून नीट दिसत नाहीत. हेच दुखणं ओळखून पुढे रोममध्येच सम्राट मार्कस ऑरेलियसच्या स्तंभावर वेढे 21 केले, आकृती कमी आणि मोठ्या केल्या, उठाव खोल केला आणि गिरमिटाचा भरपूर वापर केला. तो स्तंभ खालून जास्त स्पष्ट वाचता येतो, पण कोरीवकामाची नजाकत त्यात नाही. दोन्हींपैकी एक निवडायचं झालं तर मी ट्राजनचाच निवडेन.

ट्राजनच्या शिल्पकारांनी अनेक सैनिकांच्या मुठी पोकळ ठेवल्या आहेत. त्यांत धातूची छोटी भाले-तलवारी बसवली होती. ती केव्हाच गेली. त्यामुळे आज कित्येक सैनिक रिकाम्या मुठीने लढताना दिसतात आणि नवखा माणूस त्यांच्या हावभावांचा भलताच अर्थ लावतो. हात वर आणि मूठ वळलेली दिसली की आधी तिच्यात भोक आहे का ते बघावं. असेल तर तो भाला फेकतो आहे, इशारा करत नाही.

वाचायची दिशा डावीकडून उजवीकडे आणि खालून वर. सलग कथा पाहायची तर स्तंभ डाव्या हाताला ठेवून, म्हणजे प्रदक्षिणेच्या उलट, फिरावं लागतं. 23 फेरे मारून ती वाचता येईल ही कल्पना मात्र सोडून द्यावी. मुळात स्तंभ एका लहान चौकात होता, एका बाजूला बॅसिलिका उल्पिया हे भव्य सभागृह आणि दोन बाजूंना ग्रंथालयं. तेव्हाही वरचं फार कुणाला सलग दिसत नसणार. मूर्तिकारांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी महत्त्वाचे प्रसंग एकाच उभ्या रेषेत आणले. दोन युद्धांच्या मध्ये विजयदेवता ढालीवर लिहिते आहे (प्रसंग 78), आणि बरोबर त्याच बाजूला, बरंच वर, डेसिबॅलस स्वतःला संपवतो आहे (प्रसंग 145). एका जागी उभं राहून मान वर केली की विजय आणि शत्रूचा अंत एका ओळीत येतात. आधी या उभ्या रेषा शोधाव्यात, मग एखादा वेढा आडवा वाचावा.

अख्ख्या पट्टीत देवदेवता मोजक्याच आहेत, आणि प्रत्येकीची जागा विचारपूर्वक निवडली आहे. पहिली आकृती अगदी खाली, डॅन्यूब नदीची. सुरुवातीला नदीकाठचे पहारेमनोरे, लाकडांचे रचलेले ओंडके, गंजी, मशाली दिसतात आणि मग पाण्यातून एक प्रचंड, दाढीवाला पुरुष कमरेपर्यंत वर येतो. त्याच्या अंगावरून पाणी ओघळतं आहे. त्याच्या शेजारून नावांच्या पुलावरून लीजन पलीकडे चालली आहेत. बाकीच्या माणसांच्या तुलनेत तो अवाढव्य आहे, तरी त्याच्या चेहऱ्यावर राग नाही, विरोध नाही. सीमेवरची नदीच रोमनांना वाट देते, असा त्याचा अर्थ. साम्राज्याच्या कलेत निसर्गाची संमती दाखवण्याची ही हुकमी रीत आहे. दुसरा ज्युपिटर, प्रसंग 24 मध्ये, लढाईच्या वर कमरेपर्यंत दिसणारा, उजवा हात डाशियनांवर वज्र फेकण्यासाठी उगारलेला. रात्रीच्या लढाईवर (प्रसंग 38) डोक्यावर फुगलेलं वस्त्र धरलेली रात्रदेवता आहे, आणि ती फक्त वेळ सांगते. दगडात अंधार कोरता येत नाही, म्हणून ती हवी.

चौथी विजयदेवता. तिच्या दोन्ही बाजूंना विजयखांब आहेत: झाडाच्या बुंध्याला शत्रूचं चिलखत घातलेलं, वर शिरस्त्राण, बाजूंना ढाली. ती दोन युद्धांच्या मध्ये उभी आहे. तिच्या आधीच्या मोठ्या प्रसंगात डाशियन रांगेने गुडघे टेकून शरण येतात आणि डेसिबॅलस उभा आहे. तिच्या नंतर लगेच इटलीच्या बंदरातून ट्राजन पुन्हा जहाजावर चढतो. एक आकृती काढून मूर्तिकाराने तीन वर्षांचा काळ ओलांडला.

बाकी सगळं काम माणसांचं, आणि तिथे स्तंभ खरा श्रीमंत आहे. पट्ट्यांचं चिलखत घातलेले लीजनचे सैनिक बहुतेक वेळा काय करताना दिसतात? खंदक खणताना, टोपल्यांतून माती वाहताना, गवताच्या मुळांसकट कापलेले मातीचे ठोकळे खांद्यावर घेऊन तटबंदी रचताना, झाडं तोडताना, पूल बांधताना. ढाल आणि शिरस्त्राण शेजारी व्यवस्थित ठेवलेलं. प्रसंग 99 मध्ये द्रोबेता इथला, वास्तुविशारद अपोलोडोरस याने बांधलेला डॅन्यूबवरचा पूल मागे पसरलेला आहे आणि पुढे ट्राजन यज्ञ करतो आहे. कडव्या चकमकी बहुतांशी साहाय्यक दलांकडे, म्हणजे रोमन नागरिक नसलेल्यांच्या तुकड्यांकडे, आहेत. लंबगोल ढाली, कड्यांचं चिलखत, खाली तोकडी विजार, ही त्यांची ओळख. प्रसंग 24 मध्ये त्यांच्यातला एक सैनिक कापलेलं डोकं केसांनी दातांत धरून लढतो आहे, दोन्ही हात मोकळे ठेवण्यासाठी. त्याच प्रसंगात दोघे जण ट्राजनपुढे कापलेली डोकी धरून उभे आहेत. लीजनच्या सैनिकांकडून असं काम करून घेतलेलं नाही. रोमन नागरिक बांधतो आणि शिस्तीत चालतो, रानटीपणा साम्राज्याच्या कडेच्या माणसांच्या वाट्याला, अशी ही वाटणी आहे. पट्टीतल्या सगळ्यात बोलक्या राजकीय विधानांपैकी हे एक, आणि ते फक्त ढालीच्या आकारावरून वाचता येतं.

तीन ठिकाणी (प्रसंग 8, 53 आणि 103) डुक्कर, मेंढा आणि बैल यांची मिरवणूक छावणीच्या तटाभोवती फिरते आणि आत ट्राजन डोक्यावर वस्त्राचा पदर घेऊन अर्घ्य देतो. नव्या मोहिमेआधी सैन्याच्या शुद्धीचा हा विधी. छावणी वरून बघितल्यासारखी कोरली आहे, माणसं मात्र समोरून, आणि तट माणसाच्या कमरेइतका. प्रमाण चुकलेलं नाही. माणूस वाचता यावा म्हणून इमारती मुद्दाम लहान केल्या आहेत. ट्राजनचाही आकार इतरांपेक्षा फार मोठा नाही. तो सापडतो तो आजूबाजूच्या माथ्यांवरून: सगळे चेहरे त्याच्याकडे वळलेले, तो थोडा उंच जागी, दोन्ही बाजूंना अधिकारी. गर्दीत सम्राट शोधायचा तर मोठा माणूस शोधू नका, नजरा कुठे मिळतात ते बघा. प्रसंग कुठे बदलला हे बहुतेक वेळा मधल्या झाडावरून कळतं.

शत्रू दुबळा दाखवलेला नाही. डाशियन सरदार टोपी घातलेले, सामान्य लढवय्ये उघड्या डोक्याचे, केस लांब. ते कडवे लढतात, आपल्या जखमींना ओढून नेतात, शेवटी कढईतून काहीतरी प्याले भरून घेतात (प्रसंग 120-121). आणि डेसिबॅलस झाडाखाली गुडघ्यावर, वक्र पात्याचं हत्यार स्वतःच्या गळ्याशी. एक रोमन घोडेस्वार त्याच्याकडे झुकून हात पुढे करतो आहे, त्याला जिवंत पकडण्यासाठी. तो स्वार कोण हे आपल्याला माहीत आहे, ही या स्तंभाची मोठी भाग्याची गोष्ट. तिबेरियस क्लॉडियस मॅक्सिमस नावाच्या सैनिकाचा थडग्याचा दगड ग्रीसमध्ये फिलिप्पीजवळ 1965 मध्ये सापडला. त्यावर तोच प्रसंग कोरला आहे आणि डेसिबॅलसला पकडून त्याचं डोकं आपण ट्राजनकडे नेलं, असं लिहिलं आहे. शत्रू जितका मानी, तितका विजय मोठा. ट्राजनच्या फोरममधले डाशियन कैद्यांचे पुतळेही असेच ताठ, हात जोडलेले पण मान न झुकवलेले. त्यांतले आठ आज कॉन्स्टंटाईनच्या कमानीवर उभे आहेत. त्याच कमानीत ट्राजनकालीन युद्धपट्टीचे तुकडेही बसवले आहेत, आणि तिथे मात्र सम्राट घोड्यावरून थेट शत्रूवर धावून जातो. फोरमच्या काळातलीच ही कला, मग स्तंभावर त्याला संयमी दाखवणं हा अपघात नक्कीच नाही.

एक सावधगिरी. या पट्टीला युद्धाचं छायाचित्र समजू नये. लीजनसाठी एक पोशाख आणि साहाय्यकांसाठी दुसरा, ही रोममधल्या कार्यशाळेने ओळखीसाठी ठरवलेली खूण आहे. रुमानियातल्या आदामक्लिसी इथे 109 सालचं ट्राजनचंच विजयस्मारक आहे. तिथल्या ओबडधोबड शिल्पांत लीजनचे सैनिक खवल्यांची आणि कड्यांची चिलखतंही घालतात आणि हातावर पट्ट्यांचं संरक्षण बांधतात. ती कोरणाऱ्यांनी सैनिक जवळून पाहिलेले असावेत. उलट रोममधल्या कारागिराने डाशियनांच्या बाजूने लढणारे सरमेशियन घोडेस्वार असे कोरले आहेत की घोडा आणि स्वार दोघांच्या अंगाला खवले कातडीसारखे चिकटून बसलेत, घोट्यापर्यंत. असं चिलखत घालून कुणाला हलता आलं नसतं. त्याने वर्णन ऐकलं होतं, वस्तू पाहिली नव्हती.

वरचा ट्राजनचा पुतळा मध्ययुगातच नाहीसा झाला. 1162 मध्ये रोमच्या सेनेटने स्तंभाला इजा करणाऱ्यास मृत्युदंड ठरवला. 1587 मध्ये पोप सिक्स्टस पाचवा याने वर संत पीटरचा कांस्य पुतळा बसवला. मार्कस ऑरेलियसच्या स्तंभाचं नशीब इतकं चांगलं नव्हतं. 1589 च्या दुरुस्तीत त्याच्या चौथऱ्यावरची शिल्पं छिन्नीने तासून टाकली. नेपोलियनने पॅरिसमध्ये वांदोम चौकात ट्राजनच्या स्तंभाची नक्कल उभारली, ती ऑस्टर्लिट्झच्या लढाईत जिंकलेल्या तोफांच्या कांस्याची. 1871 मध्ये कम्यूनने, म्हणजे पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारने, ती खाली पाडली, आणि काही वर्षांत ती पुन्हा उभी राहिली.

मूळ संगमरवराचं नुकसान विसाव्या शतकातल्या प्रदूषणाने जास्त झालं. आम्लयुक्त हवेत पृष्ठभागाचं जिप्सम होतं आणि चेहऱ्यांचे बारकावे पुसले जातात. 1980 च्या दशकात मोठी स्वच्छता आणि दुरुस्ती झाली. म्हणून अभ्यासासाठी प्लास्टरचे साचे, म्हणजे मूळ शिल्पांवरून काढलेल्या हुबेहूब प्रती, जास्त उपयोगी आहेत. 1861-62 मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या आदेशाने काढलेल्या साच्यांचा एक संच लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. छताच्या उंचीमुळे तिथे स्तंभ दोन तुकड्यांत उभा केला आहे, त्यामुळे वरच्या अर्ध्या भागाचे खालचे वेढे डोळ्यांसमोर येतात. बुखारेस्टच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात साचे सुटे, जमिनीवर मांडले आहेत आणि वाचायला तेच सगळ्यात सोयीचे. रोममध्ये मूळ स्तंभ पाहणार असाल तर दुर्बीण लागेलच, आणि सूर्य तिरपा असताना जावं. उथळ उठावाला सावली तेव्हाच धरते. भर दुपारी सगळी पट्टी सपाट पांढरी दिसते. चौथरा रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली आहे, तेव्हा कठड्यापाशी उभं राहून शस्त्रांचे ढीग आणि गरुड आधी बघून घ्यावेत, आणि मगच विजयदेवतेच्या बाजूला जाऊन मान वर करावी.